गाण्याआधीचे दहा बाइट

गाडीत पेनड्राइव्ह लावला की पडद्यावर गाण्याचं नाव, गायकाचं नाव आणि अल्बमचं चित्र येतं. हे काम करणारा कोड आमच्या हेड युनिटमध्ये, म्हणजे डॅशबोर्डवरच्या त्या पडद्यामागच्या संगणकात, बाहेरून आलेला आहे. सी भाषेत लिहिलेली ती एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे कुणीही वाचावा आणि वापरावा असा तयार कोड, आहे आणि कितीतरी म्युझिक प्लेअर तीच वापरतात. या लायब्ररीवर आम्ही स्वयंचलित सुरक्षा चाचणी कशी उभी केली, त्यात काय सापडलं आणि जे सापडलं ते मूळ प्रकल्पाकडे परत कसं गेलं, ते इथे लिहिते आहे. लायब्ररीचं नाव आणि आमच्या कंपनीचं नाव देत नाही. बाकीचा तपशील मात्र हात राखून लिहिलेला नाही. हिंजवडीपासून चाकणपर्यंत कितीतरी जण याच प्रकारचं काम करतात, आणि त्यातल्या कुणाला तरी याचा उपयोग होईल.

सुरुवात झाली ती युरोपातल्या एका ग्राहकाच्या प्रश्नावलीपासून. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांमधला आर-१५५ हा सायबर सुरक्षेचा नियम जानेवारी २०२१ मध्ये अमलात आला आणि जुलै २०२४ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या गाड्यांना तो बंधनकारक आहे. नियम लागतो गाडी बनवणाऱ्या कंपनीला, पण ती कंपनी तीच मागणी आपल्या पुरवठादारांकडे सरकवते. सोबत असतं ऑगस्ट २०२१ मध्ये आलेलं आयएसओ-एसएई २१४३४ हे मानक. आपल्याकडे त्याच धर्तीवर एआयएस-१८९ आहे. प्रश्नावलीत एक रकाना होता: बाहेरून येणारा डेटा वाचणाऱ्या कोडवर फझ टेस्टिंग (मुद्दाम वेडंवाकडं इनपुट देऊन कोड कोसळतो का ते बघणं) केलं आहे का, आणि त्याचा पुरावा काय?

आमच्या मॅनेजरांनी तो रकाना वाचला आणि मला बोलावून म्हणाले, “अगं, यातला निम्म्याहून जास्त कोड ओपन सोर्स आहे. जगभर वापरतात. एवढ्या लोकांच्या नजरेखालून गेलाय, आपण त्यात वेगळं काय शोधणार?”

हा समज मी अनेक ठिकाणी ऐकला आहे, आणि तो मला मनापासून खुपतो. कोड उघडा आहे याचा अर्थ तो कुणीही वाचू शकतं एवढाच. कुणी वाचलाच आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. मी त्यांना हार्टब्लीड या गाजलेल्या सुरक्षा-चुकीची आठवण करून दिली. इंटरनेटवरचा संवाद कुलूपबंद करणाऱ्या ओपनएसएसएल या ओपन सोर्स लायब्ररीची १.०.१ ही आवृत्ती मार्च २०१२ मध्ये आली, आणि त्यातली चूक जगासमोर आली ७ एप्रिल २०१४ ला. मधली दोन वर्षं बँका, ईमेल सेवा, सरकारी संकेतस्थळं तोच कोड चालवत होती. समोरचा सांगतो तेवढी लांबी खरी मानायची आणि मेमरीतला ६४ केबीपर्यंतचा मजकूर उचलून परत पाठवायचा, एवढीच ती चूक होती. त्या काळात त्या प्रकल्पाला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या साधारण २,००० डॉलरच्या घरात होत्या. जग वापरत होतं, पण बघायला माणसं नव्हती. पुढे २०१५ मध्ये हॅनो बोक या जर्मन पत्रकार-संशोधकाने दाखवून दिलं की एएफएल हा फझर आणि अ‍ॅड्रेस सॅनिटायझर हे मेमरीतल्या चुका पकडणारं साधन एकत्र लावले, तर हार्टब्लीड काही तासांत सापडतं. दोन्ही साधनं फुकट आणि ओपन सोर्स.

“म्हणजे साधनं आहेत, फक्त कुणीतरी चालवायला हवीत,” मॅनेजर म्हणाले. “चालव मग. पण आधी काय चालवायचं ते ठरव.”

ज्यांना फझिंग हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले प्राध्यापक बार्टन मिलर घरून टेलिफोन लाइनवरून विद्यापीठाच्या संगणकावर काम करत होते. बाहेर वादळ होतं. लाइनवरच्या खरखरीमुळे टाइप केलेल्या कमांडमध्ये भलतीच अक्षरं घुसत होती आणि त्यामुळे रोजच्या वापरातले युनिक्सचे प्रोग्राम कोसळत होते. त्यांनी विद्यार्थ्यांना हाच प्रयोग मुद्दाम करायला लावला. १९९० मध्ये छापलेल्या निबंधात त्यांनी दाखवलं की तपासलेल्या प्रोग्रामपैकी पाव ते एक तृतीयांश निव्वळ यादृच्छिक अक्षरांनी कोसळतात किंवा अडकून बसतात. पुढची मोठी उडी २०१३ मध्ये मिखाल झालेव्स्की यांच्या एएफएलने घेतली. हा फझर आंधळेपणाने काहीही फेकत नाही. दिलेल्या इनपुटमुळे कोडचा नवा रस्ता उघडला का, हे तो बघतो. उघडला असेल तर ते इनपुट जपून ठेवतो आणि त्यातच पुढचे बदल करतो. क्लँग कंपायलरसोबत येणारा लिबफझर याच तत्त्वावर चालतो. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर मेमरीवर पहारा ठेवतो. कोडने हद्दीबाहेरचा एक बाइट जरी वाचला किंवा लिहिला, तरी तो तिथल्या तिथे प्रोग्राम थांबवून ओळ क्रमांकासकट अहवाल देतो.

काय चालवायचं, हे ठरवण्यात मात्र बराच काळ गेला, आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही. हेड युनिट म्हणजे लिनक्स कर्नल, ब्लूटूथ, वायफाय, चित्रं उघडणारे डीकोडर, फोनबुक वाचणारा कोड, अपडेटची पॅकेजं उलगडणारा कोड आणि असं बरंच काही. आम्ही फळ्यावर रेषा मारत गेलो: हा डेटा कुठून येतो, तो येताना कुणी तपासतं का, तो वाचणारा कोड कोणत्या अधिकाराने चालतो. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलसेक या सुरक्षा संशोधकांनी धावत्या जीप चेरोकीचा ताबा दुरून घेतला, तोही मनोरंजन यंत्रणेच्याच मोबाइल जोडणीतून. त्यानंतर १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. म्हणून ‘गाणी वाजवणारा डबा’ असं म्हणून त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

गाण्याची माहिती, म्हणजे टॅग, वाचणारी ही लायब्ररी आमच्या यादीत वर आली ती दोन उदाहरणांमुळे. ऑक्टोबर २०१५ मध्ये उघड झालेल्या ‘स्टेजफ्राइट २.०’ या कमजोरीत अँड्रॉइड फोनला फसवायला एमपीथ्री फाइलीतला मेटाडेटा, म्हणजे गाण्याविषयीची अशीच माहिती, पुरत होता. दुसरं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात हल्लेखोर कुणी नव्हताच. २०२२ च्या सुरुवातीला सिएटल परिसरातल्या २०१४ ते २०१७ या मॉडेलच्या माझदा गाड्यांचे पडदे एकाएकी सतत बंद-चालू होऊ लागले. केयूओडब्ल्यू हे स्थानिक रेडिओ स्टेशन एचडी रेडिओ या डिजिटल प्रसारणावरून चित्रांच्या फाइली पाठवत होतं, आणि त्या फाइलींच्या नावाला एक्स्टेन्शन (शेवटी लागणारं .jpg सारखं शेपूट) नव्हतं. तेवढ्यावर युनिट कायमचं बिघडलं. आपण एखाद्या ग्राहकाला ‘पेनड्राइव्ह चुकीचा होता’ असं सांगू शकतो का? मला तरी ते पटत नाही.

आता गाण्याच्या फाइलीविषयी. एमपीथ्रीत नाव, गायक, चित्र ही माहिती आयडी३ नावाच्या टॅगमध्ये असते आणि टॅग सहसा गाण्याच्या आधी येतो. पहिले दहा बाइट म्हणजे टॅगचं शीर्ष. तीन अक्षरं ‘आय’, ‘डी’, ‘३’, मग आवृत्तीचे दोन बाइट, खुणांचा एक आणि शेवटचे चार लांबीचे. या चार बाइटांत प्रत्येकी सातच बिट वापरायचे असा नियम आहे, म्हणजे लांबी २८ बिटांत मावते, जास्तीत जास्त सुमारे २५६ एमबी. त्यानंतर एकामागून एक फ्रेम येतात. प्रत्येक फ्रेमचंही शीर्ष दहा बाइटांचं, त्यात पुन्हा लांबीचे चार बाइट. गंमत अशी की २.४ आवृत्तीत फ्रेमची लांबीही सात-सात बिटांनी लिहितात, आणि २.३ आवृत्तीत सरळ पूर्ण ३२ बिटांनी. दोन्ही प्रकारच्या फाइली आजही सर्रास फिरतात. ज्या फॉरमॅटमध्ये एकच गोष्ट दोन आवृत्त्यांत दोन तऱ्हांनी लिहिली जाते, तिथे लांबीच्या हिशेबाकडे बारकाईनेच बघावं लागतं.

हार्नेस म्हणजे फझर आणि लायब्ररी यांच्यामधला जोड. लिबफझरला फक्त एक फंक्शन लागतं. तो त्यात बाइटांचा एक पुंजका आणि त्याची लांबी देतो, पुढचं आपण बघायचं. माझं फंक्शन पानभराचंही नव्हतं. तरी ते लिहिताना दोन गोष्टी पक्क्या ठेवल्या. एक, डिस्कवर फाइल लिहायची नाही; लायब्ररीला थेट मेमरीतून वाचायला लावायचं, म्हणजे सेकंदाला हजारो इनपुट तपासून होतात. दुसरं, लायब्ररीची फंक्शनं त्याच क्रमाने बोलवायची, ज्या क्रमाने आमचं खरं युनिट बोलवतं: आधी टॅग उघड, मग नाव माग, गायक माग, चित्र माग, शेवटी सगळी मेमरी मोकळी कर. कोणत्याही उत्पादनात कधीच न वापरला जाणारा क्रम लावून क्रॅश काढणं सोपं असतं, पण तो क्रॅश मेंटेनरच्या, म्हणजे लायब्ररी सांभाळणाऱ्या माणसाच्या, गळ्यात घालण्यात काही अर्थ नसतो.

सीड, म्हणजे फझरला सुरुवातीला द्यायच्या नमुना फाइली, गोळा करायचं काम मी आवडीने केलं. नेटवर मिळणारे तयार नमुने जवळपास सगळे इंग्रजी नावांचे होते. आपल्या गाड्यांत लागणारी गाणी तशी नसतात. २.३ आवृत्तीच्या टॅगमध्ये देवनागरी लिहायची तर यूटीएफ-१६ ही अक्षरं साठवायची पद्धत वापरावी लागते, २.४ मध्ये यूटीएफ-८ ही पद्धत चालते; पहिल्यात एका अक्षरचिन्हाला दोन बाइट, दुसऱ्यात तीन. जुन्या पेनड्राइव्हवरच्या एमपीथ्रींची तर वेगळीच तऱ्हा. गाण्याच्या नावाच्या जागी कुठल्याशा वेबसाइटची जाहिरात, अल्बमच्या जागी रिकामं चौकट-चौकट, मध्येच जुन्या फॉन्टमधलं मराठी. अशा फाइलींचा साचा तेवढा घेतला आणि त्याबरहुकूम नव्या छोट्या फाइली आम्ही स्वतः तयार केल्या. त्यात गाणं नाही, फक्त टॅग. भावगीताचं वाटावं असं नाव, अभंगाचं वाटावं असं नाव, जोडाक्षरांनी भरलेलं नाव, इमोजी असलेलं नाव. दुसऱ्याचं कॉपीराइट असलेलं काहीही त्यात नको होतं, कारण या फाइली पुढे मूळ प्रकल्पाला देता याव्यात असं आधीपासून मनात होतं.

फरक कव्हरेजच्या अहवालात लगेच दिसला. या अहवालात कोडची प्रत्येक ओळ किती वेळा चालली ते दिसतं, आणि न चाललेल्या ओळी लाल असतात. इंग्रजी नमुन्यांवर यूटीएफ-१६ रूपांतराच्या कोडचा बराच भाग लाल राहत होता. देवनागरी नमुने घातल्यावर तो उघडला, आणि इमोजीवाल्या फाइलींनी त्यातला उरलेला तुकडाही उघडला. मग फ्रेमच्या चार अक्षरी नावांची एक यादी फझरला दिली, कारण अशी नावं त्याला एकेक अक्षर बदलत शोधायला वेळ लागतो. चित्राच्या फ्रेमचा कोड त्यानंतर चालू लागला.

यूटीएफ-१६ मधला बग आधी सापडला. मजकुराची लांबी विषम असली तर कोड दोन-दोन बाइट उचलत शेवटी एक बाइट पलीकडचा वाचत होता. दुरुस्ती एका ओळीची. असे बग फझिंगमध्ये लवकर हाती येतात आणि टीमचा हुरूप वाढवतात.

त्याच सुमारास मेमरीचा प्रश्न आला. दहा बाइटांची फाइल, आत फक्त शीर्ष, आणि शीर्षात लिहिलेलं की टॅग २५६ एमबीचा आहे. लायब्ररी फाइलीची खरी लांबी न बघता तेवढी मेमरी मागत होती. डेस्कटॉपवर यामुळे काही होत नाही, लिबफझरची नेहमीची २,०४८ एमबीची मर्यादाही त्याला पकडत नाही. आमच्या युनिटमध्ये मात्र नकाशा, ब्लूटूथ, मागचा कॅमेरा हे सगळं तुटपुंज्या मेमरीत नांदतं, आणि तिथे असा झटका बसला तर कॅमेऱ्याचं चित्रही जाऊ शकतं. म्हणून आम्ही एका वेळी मागता येणाऱ्या मेमरीची मर्यादा युनिटला झेपेल तेवढीच ठेवली. मर्यादा किती ठेवायची हे फझरला कळत नाही. हे यंत्र कुठे बसणार आहे, हे ज्याला माहीत आहे त्यानेच ते ठरवायचं.

यानंतर ६४ बिटी बिल्डवर, म्हणजे डेस्कटॉपच्या ६४ बिटी प्रोसेसरसाठी बांधलेल्या कोडवर, बरेच दिवस काहीच सापडलं नाही. कव्हरेज वाढायचं थांबलं होतं. पुष्कळ ठिकाणी चाचणी इथेच आटोपती घेतात आणि रकान्यात ‘केलं’ असं लिहितात. आमच्या योजनेत पुढचा टप्पा ३२ बिटी बिल्डचा होता, कारण त्या हेड युनिटमधला एआरएम प्रोसेसर ३२ बिटी आहे. सगळ्या अवलंबी लायब्ररी ३२ बिटांत पुन्हा बांधायचं किचकट काम आमच्या टीममधल्या टेस्ट इंजिनिअर मुलीने नेटाने केलं. मध्ये एकदा तिला कुणीतरी विचारलं, “कोड तोच आहे ना? मग हा खटाटोप कशाला?” ती म्हणाली, “कोड तोच आहे, पण गाडीत जाणार आहे ते हे.”

रात्रभराच्या रनमध्ये क्रॅश आला. सकाळी अहवाल उघडला तर हीप-बफर-ओव्हरफ्लो, म्हणजे मागून घेतलेल्या मेमरीची हद्द ओलांडलेली, आणि त्याखाली ‘राइट’. म्हणजे पलीकडचं वाचणं नव्हे, पलीकडे लिहिणं. हा प्रकार सगळ्यात घातक. खालची ओळ आणखी चमत्कारिक होती: लिहिलेली जागा १ बाइटच्या मेमरीला अगदी लागून पलीकडे. एका बाइटची मेमरी कोण कशाला मागेल?

फझरकडून फाइल लहान करून घेतली. नको ते सगळं गळून वीस-पंचवीस बाइट उरले. टॅगचं शीर्ष, एका मजकूर-फ्रेमचं शीर्ष आणि पुढे थोडा कचरा. फ्रेमच्या लांबीचे चारही बाइट एफएफ, म्हणजे ३२ बिटांत बसणारा सगळ्यात मोठा आकडा, ४,२९,४९,६७,२९५. लायब्ररी तपासणी करत होती, नाही असं नाही. आतापर्यंतची जागा, अधिक शीर्षाचे दहा, अधिक फ्रेमची लांबी, ही बेरीज टॅगच्या लांबीपेक्षा मोठी आली तर फ्रेम नाकारायची. ६४ बिटांवर ही बेरीज खरोखरच प्रचंड येते आणि फ्रेम नाकारली जाते. ३२ बिटांवर मात्र त्या आकड्यात दहा मिळवले की बेरीज भोज्याला शिवून परत येते आणि उरतात फक्त नऊ. नऊ लहान, म्हणून फ्रेम मंजूर. पुढे मजकुराच्या शेवटी शून्य ठेवण्यासाठी लांबीत एक मिळवून मेमरी मागितली जाते. त्या आकड्यात एक मिळवला की ३२ बिटांवर होतं शून्य. शून्य बाइटांची मेमरी मागितली गेली आणि अ‍ॅड्रेस सॅनिटायझर अशा मागणीला एक बाइट धरतो. अहवालातला तो एक बाइट तोच. मग एकेक बाइट उचलून त्यात ठेवणारा लूप सुरू झाला आणि दुसऱ्याच बाइटला हद्द ओलांडली.

तीच फाइल ६४ बिटी बिल्डवर मुद्दाम चालवून बघितली. निमूटपणे नाकारली गेली. डेस्कटॉपवर ही लायब्ररी वापरणाऱ्या माणसाला हा बग कधी दिसण्याचं कारणच नव्हतं. तो राहिला होता गाड्यांच्या डॅशबोर्डवर, स्वस्त म्युझिक प्लेअरांत, जुन्या राउटरांत, जिथे ३२ बिटी प्रोसेसर अजून सुखाने नांदतात आणि जिथे फझर चालवणारं कुणी नसतं. उद्योगातल्या लोकांनी या चाचण्या स्वतः करायला हव्यात असं मी म्हणते, ते यासाठी. आमच्याकडे जे यंत्र आहे ते मेंटेनरकडे नाही.

आता पुढचा भाग, माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा. दुरुस्ती तयार होती. ती फक्त आमच्या बिल्डमध्ये घालून पुढे जावं, असं कंपनीत काही जणांचं म्हणणं होतं. त्यांच्या शंका खोट्या नव्हत्या. बग कबूल केला तर ग्राहक काय म्हणेल? पॅचवर, म्हणजे दुरुस्तीच्या कोडवर, कॉपीराइट कुणाचं? कुठल्या उत्पादनात काय आहे हे बाहेर कळेल का? विधी विभागासोबत बैठका झाल्या. लायब्ररी एलजीपीएल परवान्याखाली आहे. तिच्यात बदल करून ती उत्पादनातून दिली, तर बदललेला सोर्स ग्राहकाला उपलब्ध करून द्यावाच लागतो. म्हणजे गुप्तता तशीही राहणार नव्हती. शिवाय स्वतःपुरता ठेवलेला पॅच दर नव्या आवृत्तीवर पुन्हा बसवायचा, पुन्हा तपासायचा, आणि तो बसवणारा माणूस नोकरी सोडून गेला की विसरायचा.

मी आणखी एक गोष्ट पुढे ठेवली. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स अ‍ॅक्ट १० डिसेंबर २०२४ ला अमलात आला आहे आणि त्यातली मुख्य बंधनं ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. आर-१५५ च्या कक्षेतल्या गाड्या त्यातून वगळल्या आहेत. पण इतर डिजिटल उत्पादनांसाठी त्यात सरळ लिहिलं आहे की वापरलेल्या घटकात, तो ओपन सोर्स असला तरी, कमजोरी सापडली तर उत्पादकाने ती घटकाच्या मेंटेनरला कळवायची, आणि दुरुस्ती केली असेल तर तिचा कोडही द्यायचा. जे पुढे कायद्याने करावं लागेल ते आज आपणहून करूया, असं मी म्हटलं. कायद्याचं बाजूला ठेवलं तरी, ज्या माणसाच्या फुकटच्या कामावर आपण उत्पादन विकतो, त्याच्यापासून त्याच्याच कोडमधला घातक बग लपवणं मला पटणारं नव्हतं, आणि तसं मी बैठकीत बोलून दाखवलं. विधी विभागातल्या मॅडमनी शेवटी दोनच अटी घातल्या: अहवालात ग्राहकाचं काही नको, आणि ग्राहकाला त्याच दिवशी कळवायचं. दोन्ही रास्त.

अहवाल खाजगी मार्गाने पाठवला. आवृत्ती, कंपायलर, ३२ बिटी बिल्ड करायची पूर्ण कृती, ती लहान फाइल, सॅनिटायझरचा अहवाल, कारण, सुचवलेला पॅच. मेंटेनर नोकरी सांभाळून रात्री हे काम करणारा एकटाच माणूस. त्याच्याकडे ३२ बिटी यंत्र नव्हतं, म्हणून कंटेनरमध्ये, म्हणजे सगळी साधनं आत बांधलेल्या पॅकेजमध्ये, एका आदेशात सगळं उभं राहील असं करून दिलं होतं. त्याचं उत्तर आलं, आभार होते आणि सोबत एक नम्र नकारही. माझ्या पॅचमध्ये बेरीज आधी ३२ वरून ६४ बिटांत नेली होती. त्याने लिहिलं, बेरीज करूच नये. टॅगमध्ये किती बाइट शिल्लक आहेत ते आधी वजाबाकीने काढावं आणि फ्रेमची लांबी त्या शिल्लकीशी ताडावी. शिल्लक कधी ऋण होणार नाही एवढं जपलं की कोणत्याही प्रोसेसरवर हिशेब बरोबर राहतो. वाचताक्षणी पटलं. त्याच ढंगाने लायब्ररीतल्या बाकीच्या तपासण्याही त्याने बदलल्या, आणि त्यातल्या एका ठिकाणी तसाच धोका फझर पोचायच्या आधीच मिटला. नवी आवृत्ती निघाली. कमजोरीला सीव्हीई क्रमांक, म्हणजे उघड झालेल्या कमजोऱ्यांच्या जागतिक यादीतला क्रमांक, मिळाला. आमचा हार्नेस आणि मराठी नावांच्या त्या नमुना फाइली आता मूळ प्रकल्पातच आहेत, आणि तिथे प्रत्येक बदलानंतर ३२ आणि ६४ अशा दोन्ही बिल्डवर चालतात.

आमच्याकडे रोजची घडी अशी बसली आहे: कुणीही नवा कोड मुख्य कोडमध्ये मिसळायला (मर्ज करायला) टाकला की जुन्या क्रॅशच्या सगळ्या फाइली आधी चालतात, मग थोडा वेळ फझर. लांब रन रात्री. एकाच बगमुळे शेकडो फाइली पडतात, म्हणून क्रॅशच्या स्टॅकवरून, म्हणजे कोसळताना कोणती फंक्शनं चालू होती त्यावरून, त्यांचे गट करतो. आणि हे वाचायची पाळी दर आठवड्याला एका नावावर असते. शेवटचं हे व्यवस्थापनाकडून कबूल करून घ्यायला सगळ्यात जास्त बोलावं लागलं. चाचणी यंत्र करतं, पण कोणता क्रॅश आधी हातात घ्यायचा आणि कोणता कुणाला कळवायचा, हे ठरवायला माणसाचा वेळ लागतो, आणि तो वेळ त्याच्या कामाच्या तासांत धरावा लागतो.

ग्राहकाच्या ऑडिटरला हवं होतं एक वाक्य: ‘कोणतीही कमजोरी आढळली नाही.’ ते आम्ही दिलं नाही. कोणत्या बिल्डवर, कोणत्या सॅनिटायझरसकट, किती कव्हरेजपर्यंत चाललं, काय सापडलं, काय दुरुस्त झालं आणि कोणता भाग अजून लाल आहे, हे दिलं. त्यांनी विचारलं, एवढी यंत्रणा असताना खात्री का देत नाही? मी एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या ओपन सोर्स लायब्ररीचं प्रकरण सांगितलं. ती लायब्ररी गूगलच्या ओएसएस-फझवर, म्हणजे २०१६ पासून ओपन सोर्स प्रकल्प फुकट तपासणाऱ्या सेवेत, होती. २०२३ मध्ये तिच्यात मागचा दरवाजा (बॅकडोअर, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट) बसवणाऱ्याने आधी त्या फझिंगच्याच बांधणीत बदल मंजूर करून घेतला आणि एक सुविधा तिथे बंद ठेवली, नंतर तीच हल्ल्यासाठी वापरली. मार्च २०२४ मध्ये हे उघडकीला आणलं ते आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने, एसएसएच लॉगिनला (दुरून संगणकात शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा छडा लावताना. फझर मेमरीतली चूक पकडतो, माणसाचा हेतू त्याला दिसत नाही. ऑडिटरने आमचा लांबलचक अहवालच शेवटी जोडून घेतला.

सध्या काम सुरू आहे ते फोनबुकवर. ब्लूटूथवरून येणारी संपर्कयादी व्हीकार्ड फॉरमॅटमध्ये असते, आणि जुन्या २.१ आवृत्तीत देवनागरी नावाचा प्रत्येक बाइट ‘=’ या चिन्हापुढे दोन अक्षरांत लिहून पाठवतात, लांब ओळी तोडून पुढच्या ओळीवर नेतात. नमुना फाइली तयार आहेत. ३२ बिटी बिल्ड या वेळी पहिल्याच आठवड्यात लावला. आणि पुढच्या वर्षाच्या बजेटमध्ये, आम्ही ज्या लायब्ररी वापरतो त्यांच्या मेंटेनरना सपोर्टचं रीतसर कंत्राट देण्यासाठी एक ओळ टाकली आहे. मॅनेजरांनी ती कापलेली नाही. आता फायनान्सकडे आहे.